बाहेर वळणारा डोळा : भाग्य नव्हे, आजार

स्मरणिकेत दरवर्षी धम्म, शिक्षण आणि बाबासाहेबांचे विचार यांवर लेख असतात, व ते असावेतच. या वेळी मात्र घरोघरी दुर्लक्षित राहणाऱ्या एका लहानशा विषयावर लिहिण्याची परवानगी मी संपादक मंडळाकडे मागितली. हा विषय म्हणजे डोळ्याचा तिरळेपणा. त्यातही डोळा बाहेर, म्हणजे कानाच्या दिशेने वळणारा तिरळेपणा. मी डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहे आणि शिक्षण बी.ए.पर्यंतचे. परंतु या आजाराने आमच्या घरात दोन पिढ्या मुक्काम केला. नेत्रविभागाच्या बाकावर बसून, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले, तेच येथे मांडतो.

आधी माझ्या ताईबद्दल सांगतो. तिचा डावा डोळा लहानपणापासून बाहेर जाई. आजी म्हणायची, "पोट्टी नशीबवान हाये, हिच्या पायानं घरात लक्ष्मी येते." आजीने १९५६ साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेली. घरातले देव्हारे तिने स्वतःच्या हाताने काढले, पण तोंडातली लक्ष्मी काही शेवटपर्यंत गेली नाही! तिरळा डोळा शुभ असतो, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की त्याला कोणी अंधश्रद्धा म्हणतच नाही. कौतुकाच्या रूपात आलेली अंधश्रद्धा ओळखायला अधिक अवघड जाते. परिणाम असा झाला की ताईचा डोळा कोणीही तपासला नाही. एकोणिसाव्या वर्षी एका नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरांनी तिचा उजवा डोळा झाकला आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितला. तिला वरचे मोठे अक्षरही दिसले नाही. अगदी जवळ धरलेली बोटे तेवढी मोजता आली. एका डोळ्याने आपल्याला जवळजवळ दिसतच नाही, हे तोपर्यंत तिला स्वतःलाही माहीत नव्हते. नोकरी तर गेलीच, पण घरी आल्यावर ती आईला एवढेच म्हणाली, "कोणी एकदा तरी झाकून पाहायचं होतं ना."

डोळा असा बाहेर का वळतो, हे आता पाहू. प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू जोडलेले असतात. त्यांतला नाकाकडील एक स्नायू डोळा आत ओढतो आणि कानाकडील एक बाहेर ओढतो. उरलेले चार वर, खाली व किंचित गोल फिरवण्याचे काम करतात. दोन्ही डोळ्यांचे मिळून बारा स्नायू एकाच वेळी, एकाच हुकुमाने हलावे लागतात, आणि हा हुकूम मेंदूकडून येतो. म्हणून तिरळेपणा हा पुष्कळदा स्नायूंच्या दुबळेपणापेक्षा हुकमाच्या जुळणीतला बिघाड असतो. स्नायू धडधाकट असतात, पण दोन्ही डोळे एका वस्तूवर रोखून धरण्याची यंत्रणा ढिली पडते. डोळा आत वळतो तो एक प्रकार, बाहेर वळतो तो दुसरा. या दुसऱ्याला डॉक्टर 'एक्सोट्रोपिया' म्हणतात. युरोपीय वंशाच्या मुलांत आत वळणारा डोळा अधिक आढळतो, तर पूर्व आशियातील मुलांत बाहेर वळणारा. काही घराण्यांत तो पिढ्यान्पिढ्या दिसतो, तथापि घरात कोणालाही नसताना तो एखाद्या मुलाला होऊ शकतो.

दोन डोळे एकत्र काम करतात म्हणजे काय होते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. दोन हातांत दोन पेन्सिली आडव्या धरा व त्यांची टोके समोर एकमेकांना टेकवा. नंतर एक डोळा मिटून तेच करा. टोके चुकतात. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचे अंतर असते, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला चित्र किंचित वेगळे दिसते. मेंदू ही दोन चित्रे एकजीव करतो आणि त्यातून वस्तू किती दूर आहे याचा नेमका अंदाज येतो. सुईत दोरा ओवणे, पेल्यात पाणी ओतणे, अंगावर येणारा चेंडू झेलणे ही सारी कामे या अंदाजावर चालतात.

आता एक डोळा बाहेर गेला तर दोन चित्रे जुळणार कशी? मोठ्या माणसाला अशा वेळी एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. लहान मुलाचा मेंदू मात्र फार चलाख असतो. तो वळलेल्या डोळ्याचे चित्र सरळ दाबून टाकतो. म्हणून मूल तक्रार करीत नाही, आणि पालकांना वाटते की ठीक चालले आहे. डोळा सतत वळलेला राहिला व चित्र वर्षानुवर्षे दाबले गेले, तर त्या डोळ्याची नजर तयारच होत नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. हा शब्द मला आवडत नाही, कारण आळस त्या डोळ्याचा नसतो. त्याला काम दिलेच जात नाही. डोळ्याची रचना उत्तम, पडदा उत्तम, पण पाहायला शिकण्याचे वय निघून गेलेले. माझ्या ताईचे नेमके हेच झाले होते. सात वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर उत्तम गुण येतो. त्यानंतरही, अगदी कुमारवयातसुद्धा, काही मुलांना फायदा होतो. पण वय वाढत जाते तशी आशा कमी होत जाते.

डोळा बाहेर वळण्याच्या आजाराची सुरुवात बहुधा सतत वळण्याने होत नाही, आणि फसगत होते ती इथेच. सुरुवातीस डोळा मधूनमधून जातो आणि परत येतो. मूल दमले, तापाने फणफणले, झोपेला आले, खिडकीतून दूर कुठेतरी टक लावून बसले की डोळा सुटतो. हाक मारली की जागेवर! डॉक्टरांपुढे मूल सावध असते, त्यामुळे तेथे पुष्कळदा काहीच दिसत नाही. हा प्रकार साधारणपणे पहिल्या वर्षापासून चौथ्या वर्षापर्यंत केव्हातरी सुरू होतो. त्याची आणखी एक खूण आहे, ती आपल्या नागपूरकरांनी तर लक्षात ठेवायलाच हवी. भर उन्हात मूल एकच डोळा मिटून घेते.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना तेच करायची. गाडीवर समोर बसवून बर्डीला निघालो की उन्हात उजवा डोळा बंद. आम्ही हसायचो. नागपूरचे ऊन, मोठी माणसेही डोळे बारीक करतात, त्यात विशेष काय? ताई एकदा राहायला आली होती. तिने पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "दोन्ही डोळे बारीक करणं वेगळं, एकच मिटणं वेगळं. उद्याच दाखव," असे ती म्हणाली. पहिल्या ठिकाणी 'काही नाही, मोठी झाली की जाईल' असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. ताईने ऐकले नाही. तिच्या आग्रहामुळेच आम्ही लहान मुलांचे डोळे तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे गेलो आणि निदान झाले.

घरी काय पाहता येते? मूल समोर बसवून हातभर अंतरावरून बॅटरीचा मंद उजेड दोन्ही डोळ्यांच्या मध्ये पाडावा. प्रकाशाचा ठिपका दोन्ही बाहुल्यांच्या मध्यभागी, सारख्याच जागी दिसायला हवा. एका डोळ्यात तो नाकाकडे सरकलेला दिसला तर तो डोळा बाहेर गेलेला असण्याचा संभव आहे. मूल दूरच्या वस्तूकडे पाहत असताना एकदा एक डोळा, एकदा दुसरा, असे तळहाताने झाकून पाहावे. एक डोळा झाकल्यावर मूल रडते, हात ओढते, पण दुसरा झाकला तर शांत राहते, याचा अर्थ कोणता डोळा कामाचा आहे हे त्याने सांगितलेच. जन्मानंतर पहिले तीन-चार महिने डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात, त्यात काळजीचे नसते. काही मुलांचे डोळे मुळातच एकमेकांपासून लांब असतात व ते बाहेर गेल्यासारखे भासतात. हा आभास की आजार, ते डॉक्टरांनीच ठरवावे.

दोन गोष्टींत मात्र एक दिवसही थांबू नये. पहिली, मुलाच्या बाहुलीत पांढरट चमक दिसली तर. फोटोत एका डोळ्यात लाल ठिपका आणि दुसऱ्यात पांढरा, असेही कधी दिसते. तो लहान मुलांचा मोतीबिंदू असू शकतो किंवा पडद्याचा कर्करोगही असू शकतो, आणि ज्या डोळ्याला दिसत नाही तो वळू लागतो. दुसरी, मोठ्या माणसाचा डोळा अचानक बाहेर गेला, पापणी खाली पडली आणि एकाचे दोन दिसू लागले तर. मेंदूकडून डोळ्याकडे येणारी नस बाधित झाल्याची ती खूण असते. मधुमेहात असे होते, पण मेंदूतील रक्तवाहिनीच्या फुगवट्यामुळेही होऊ शकते. त्यासाठी थेट मोठ्या दवाखान्यात जावे, चष्म्याच्या दुकानात नव्हे.

तपासणीत डॉक्टर डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि खरा नंबर काढतात. औषधानुसार एक दिवस ते आठ-दहा दिवस जवळचे धूसर दिसते, उजेड सहन होत नाही. याला घाबरून पुष्कळ पालक दुसऱ्या वेळी येतच नाहीत. नंतर लोलकाच्या काचा डोळ्यापुढे धरून डोळा किती वळला आहे, जवळचे पाहताना किती, दूरचे पाहताना किती, हे मोजतात. बँकेतल्या माणसाला हे पटते. आकडा लिहून ठेवला की सहा महिन्यांनी जमा-खर्च कळतो.

उपचाराविषयी बोलताना एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे : प्रत्येक वेळी घाई लागत नाही. मधूनमधून वळणारा डोळा बहुतेक वेळ सरळ राहत असेल व दोन्ही डोळ्यांची नजर चांगली असेल, तर नियमित तपासत राहणे हाही उपचारच होय. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या एका गटाने तीन ते दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून २०१४ साली तो प्रसिद्ध केला. काहींना पट्टी दिली, काहींवर नुसते लक्ष ठेवले; सहा महिन्यांत दोन्ही गटांत आजार वाढलेली मुले थोडीच निघाली. फक्त 'लक्ष ठेवणे' आणि 'सोडून देणे' यांत फरक आहे. आपण पहिल्याचे नाव घेऊन दुसरे करतो.

चष्म्याचा नंबर असेल तर तो पहिला उपचार. स्वच्छ चित्र मिळाले की मेंदूला दोन चित्रे जुळवणे सोपे जाते. कधी डॉक्टर मुद्दाम थोडा जास्त उणे नंबर देतात. त्याने डोळ्याला जोर लावावा लागतो व डोळा आत ओढला जातो. परंतु तो चष्मा सुटला की हा लाभ टिकत नाही आणि काही मुलांत उणे नंबर वाढतो, असे २०२१ च्या अभ्यासात दिसले. म्हणून हा उपाय डॉक्टरांच्या नजरेखालीच करावा. पेन्सिल नाकाकडे आणत पाहण्याचा व्यायाम जवळचे वाचताना ज्यांचे डोळे सुटतात त्यांना उपयोगी पडतो. सगळ्यांना नाही. 'व्यायामाने तिरळेपणा घालवा' अशा जाहिराती आपल्या शहरातही दिसतात. त्यांना भुलू नये.

नजर मागे पडली असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात, म्हणजे मागे पडलेल्याला काम करावेच लागते. रोज किती तास, हे डॉक्टर ठरवतात. ऐकायला सोपे, पण घरात रोजचे युद्ध. आमची मुलगी दहाव्या मिनिटाला पट्टी काढायची. तिच्या आईने ती पट्टी लावल्यावरच चित्रे रंगवायची असा नियम केला तेव्हा कुठे जमले. या काळात मला धम्मपदाच्या अट्ठकथेतील चक्खुपाल थेरांची गोष्ट वारंवार आठवे. त्यांनी वर्षावासात आडवे न होण्याचा निश्चय केला होता. डोळे दुखू लागले तेव्हा वैद्याने नाकात घालायला तेल दिले आणि ते झोपून घाला असे सांगितले. थेरांनी ते बसूनच घातले. गुण येईना. वैद्याने विचारले, समजावले, शेवटी हात टेकले. आणि थेरांची दृष्टी गेली. त्यांच्या निग्रहापुढे मी नतमस्तक आहे. पण अर्धे औषध म्हणजे औषध नव्हे, हे त्या वैद्याचे म्हणणे मला बाप म्हणून अधिक जवळचे वाटते.

डोळा दिवसाचा बराच वेळ बाहेर राहू लागला, किंवा अंतराचा अंदाज ढासळू लागला, तर शस्त्रक्रिया करावी लागते. तिची भीती फार आहे. डोळा बाहेर काढून ठेवतात, ही आपल्याकडची सर्वांत मोठी अफवा. असे काही होत नाही. डोळ्यावरचा पातळ पडदा थोडा उघडून कानाकडील स्नायू त्याच्या जागेवरून सोडवतात आणि साधारण पाच ते आठ मिलिमीटर मागे नेऊन शिवतात. त्यामुळे त्याची बाहेरची ओढ कमी होते. कधी दोन्ही डोळ्यांचे हे स्नायू मागे घेतात, कधी एकाच डोळ्याचा बाहेरचा स्नायू मागे घेऊन आतला थोडा आखूड करतात. मुलांना पूर्ण भूल देतात. टाके आपोआप विरघळतात, आणि दोन-तीन आठवडे डोळा लाल दिसतो. ही शस्त्रक्रिया काही आजची नव्हे. १८३९ साली बर्लिनमध्ये डिफेनबाख या शल्यविशारदाने स्नायू कापून तिरळा डोळा सरळ केला होता, तोही भुलीची औषधे प्रचारात येण्यापूर्वी! गंमत म्हणजे, आज सुरकुत्या घालवण्यासाठी श्रीमंतांत मिरवणारे बोटॉक्सचे इंजेक्शन मुळात अमेरिकन नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी तयार केले. काही रुग्णांत ते आजही वापरतात.

शस्त्रक्रियेने चष्मा जात नाही व आळशी डोळ्याची नजर येत नाही. शिवाय बाहेर वळणारा डोळा काही वर्षांनी पुन्हा सुटू लागणे दुर्मिळ नाही, दुसरी शस्त्रक्रियाही लागू शकते. हे आधी कळलेले बरे, नाहीतर डॉक्टरला दोष देत माणसे उपचारच सोडतात. माझ्या मुलीची शस्त्रक्रिया सातव्या वर्षी झाली. पहिले काही दिवस तिला एकाचे दोन दिसत. ते थांबले. आता डोळे सरळ आहेत, पण परीक्षेच्या दिवसांत रात्री उशिरा उजवा डोळा अजूनही किंचित सुटतो, आणि आम्ही तारीख लिहून ठेवतो.

वय झाले, आता काय उपयोग, असे मोठ्या माणसांना सांगितले जाते तेही खरे नाही. ताईने अडतिसाव्या वर्षी शस्त्रक्रिया करून घेतली. नजर आली नाही, येणार नव्हतीच. पण डोळा सरळ झाला. 'आता या वयात कशाला, लग्न थोडंच व्हायचंय' असे एक नातेवाईक म्हणाले. तिने त्यांच्याकडे पाहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या माणसाने 'कुठे पाहतेस' असे विचारले नाही. माणसांशी बोलताना मान वळवून, पदर पुढे ओढून बोलण्याची तिची सवय जायला मात्र दोन वर्षे लागली. सैन्य व पोलीस भरतीत तिरळेपणा आड येतो, हे आपल्या मुलांना मैदानावर महिनोन्महिने घाम गाळल्यानंतर कळते. भरतीची तयारी सुरू करण्याआधीच डोळे तपासून घ्यावेत.

समाज डोळ्यावरून स्वभाव ठरवतो, याचे मोठे उदाहरण म्हणजे येवल्यात जन्मलेल्या अभिनेत्री ललिता पवार. बाबासाहेबांनी १९३५ साली धर्मांतराची घोषणा केली तेच हे येवले. ललिताबाई नायिका म्हणून नावारूपाला आल्या होत्या. १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने त्यांचा चेहरा लुळा पडला व डाव्या डोळ्याला कायमचा दोष राहिला. बऱ्याच उपचारांनंतर त्या परतल्या, आणि पुढची कित्येक वर्षे खाष्ट सासू म्हणूनच ओळखल्या गेल्या. १९८७ मध्ये सुरू झालेल्या रामायण मालिकेत तर मंथरा झाल्या. त्यांचा अभिनय श्रेष्ठ होता यात वाद नाही. पण बारीक झालेला डोळा दिसला की प्रेक्षकाला कपट दिसावे, ही खोट पाहणाऱ्याच्या नजरेत आहे. शाळेत 'चकण्या' म्हणून हाक मारणारी मुले हेच पाहून मोठी होतात.

नागपुरात दाखवायचे कुठे? मेडिकल आणि मेयो, दोन्हीकडे नेत्रविभाग आहे. मिहानमध्ये एम्स आहे, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची एकदा तपासणी होते. त्या दिवशी मुलाला शाळा बुडवू देऊ नये. पथकातील डॉक्टरांना "उन्हात एक डोळा मिटतो" हे आपणहून सांगावे, चिठ्ठी द्यावी. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयातील महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कक्षात आरोग्यमित्राला भेटावे. रेशनकार्ड व आधार सोबत न्यावे. आणि एक गोष्ट आवर्जून न्यावी : मुलाचे जुने-नवे फोटो व मोबाइलवर काढलेला, दमलेल्या अवस्थेतील डोळ्यांचा व्हिडिओ. तपासणीच्या खोलीत लपून बसणारा डोळा त्यात सापडतो. आमच्या मुलीचे निदान दुसऱ्या ठिकाणी झाले ते ताईने लग्नाच्या मांडवात, रात्री अकराला, पेंगुळलेल्या अवस्थेत काढलेल्या तिच्या एका फोटोवरूनच.